घरी बांधलेल्या स्पोर्ट्‌स कारचा हायड्रॉलिक क्लच गळतोय? सिलिंडर मागवण्याआधी हे क्रमाने करा

क्लचचं पेडल सकाळी फरशीला टेकलं आणि गाडीखाली ओला डाग दिसला, की बहुतेक जण थेट नवीन स्लेव्ह सिलिंडर (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा सिलिंडर) मागवतात. तो बसवतात, हवा काढतात, दोन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तोच डाग. मग मास्टर (पेडलकडचा, द्रव पुढे ढकलणारा सिलिंडर) बदलतात. मग गिअरबॉक्स उतरवतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीत असा अंदाज बऱ्याचदा खपून जातो, कारण तिथे सगळे भाग एकमेकांसाठीच बनवलेले असतात. आपल्या गाडीत मास्टर एका गाडीचा, स्लेव्ह दुसऱ्या गाडीचा, पाईप आपण वाकवलेला आणि पेडल बॉक्स आपणच वेल्ड केलेला. इथे सील फाटतं ते पुष्कळदा जुनं झालं म्हणून नाही, तर त्याच्याकडून नको तेवढं काम करून घेतलं म्हणून. त्यामुळे प्रश्न दोन आहेत: कुठून गळतंय, आणि तिथूनच का गळतंय. दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा भाग बसवू नका.

## तयारी

हाताशी हे असू द्या: सुती फडकी, पांढरा पुठ्ठा, टॅल्कम पावडर, टॉर्च, लहान आरसा, ब्रेक क्लीनर, हातमोजे, चष्मा, फ्लेअर नटाचे, म्हणजे पाईपच्या जोडणीच्या नटाचे, पाने (साध्या पान्याने नटाचे कोपरे मारले जातात), मास्टरच्या आउटलेटला बसेल असा बंद प्लग, नवे तांब्याचे वायसर आणि सीलबंद डब्यातलं ताजं ब्रेक ऑईल (क्लचमध्येही हाच द्रव असतो).

‘ब्रेक ऑईल’ हे नाव फसवं आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची द्रव्यं आहेत, ते तेल नव्हे. यात इंजिन ऑईल, ग्रीस किंवा डिझेल जरासंही गेलं, तरी रबरी सील फुगतात आणि मऊ पडतात. डॉट ५ हे सिलिकॉन जातीचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नसतं. तुमच्या गाडीत काय भरलंय ते ठाऊक नसेल, तर आधी ते शोधा.

पुढे लागणारी माहिती आत्ताच कागदावर उतरवा: मास्टरचा बोअर (आतला व्यास), स्लेव्हचा बोअर, पेडलचा रेशो (पाय किती सरकला की पुशरॉड, म्हणजे पेडलपासून मास्टरला ढकलणारी दांडी, किती सरकते), प्रत्येक जोडणीचे आटे आणि फ्लेअरचा (पाईपच्या पसरवलेल्या टोकाचा) प्रकार. यातलं एखादं माहीत नसेल, तर त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढा. दोष बऱ्याचदा त्या प्रश्नचिन्हाच्या आसपासच सापडतो.

सावधान: क्लच आणि ब्रेकच्या द्रवाची टाकी एकच असेल, तर गाडी आत्ताच उभी करा. आत पडदा असला तरी त्याच्या भरवशावर ‘तेवढं एक चक्कर’ मारू नका. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या लावा. ग्लायकॉल रंग खातं, म्हणून बॉडीवर फडकं अंथरा आणि थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

## टप्पा १: पेडल काय सांगतंय ते ऐका

पाना उचलण्याआधी टाकीवर पातळीची खूण करा आणि पेडल तीन प्रकारे दाबून बघा: झटकन, अगदी सावकाश, आणि दाबून अर्धा मिनिट धरून.

पातळी उतरतेय आणि पेडलही बसतंय, म्हणजे बाहेर गळती आहे. पातळी तशीच आहे, झटकन दाबलं तर क्लच सुटतो, पण सावकाश दाबलं की पेडल नुसतं खाली जातं आणि गिअर कुरकुरतो, असं असेल तर मास्टरच्या आतलं मुख्य रबर द्रव मागे सोडतंय. ही आतली गळती. हिचा एक थेंबही जमिनीवर पडत नाही, आणि म्हणूनच लोक बिचाऱ्या स्लेव्हचा बळी देतात. पेडल स्पंजासारखं लागतं आणि दोन-तीनदा मारल्यावर कडक होतं, तर आत हवा आहे. पण हवा शिरायला वाट मिळाली, याचा अर्थ गळतीलाही वाट असू शकते.

आणखी एक प्रकार असा की दिवसभर चालवताना सगळं ठीक, आणि सकाळी डाग. याने गोंधळून जाऊ नका. सिलिंडरमधल्या रबराच्या ओठाला द्रवाचा दाबच भिंतीशी घट्ट धरतो. झिजलेलं रबर दाबाखाली टिकतं आणि दाब नसताना पाझरतं. म्हणून तपासणी दोन्ही स्थितींत करायची, पेडल दाबून आणि रात्रभर गाडी उभी ठेवून.

## टप्पा २: ओलावा कसला ते ठरवा

बेलहाउजिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) खालून थेंब पडतोय म्हणून तो क्लचचाच असं नाही. इंजिनचं मागचं ऑईल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळलं, तरी थेंब तिथेच उतरतो.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर थेंब धरा. मग बशीभर पाण्यात एक थेंब टाका आणि हलवा. ग्लायकॉल पाण्यात विरघळून जातं. इंजिन ऑईल आणि गिअर ऑईल वर तरंगतं. गिअर ऑईल गंधकासारख्या उग्र वासानेच ओळखू येतं. कूलंटही पाण्यात विरघळतं, पण त्याला सहसा ठळक रंग असतो. शंका राहिली तर रेडिएटरची पातळी बघा.

अपवाद: डॉट ५ पाण्यात मिसळत नाही. गाडीत सिलिकॉन असेल तर ही चाचणी तुम्हाला ‘तेल आहे’ असंच सांगेल.

## टप्पा ३: धुवा, वाळवा, मग बघा

हाच टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. ओल्या, धूळ बसलेल्या भागांकडे टॉर्च मारून गळती सापडत नाही. द्रव पाईपवरून ओघळतो, क्लिपपाशी थांबतो आणि गाडीच्या सर्वांत खालच्या टोकाला जाऊन टपकतो. थेंब जिथे पडतो ती जागा आणि गळती सुरू होते ती जागा यांच्यात हातभर अंतर सहज असू शकतं.

मास्टरपासून स्लेव्हपर्यंत सगळं ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण कोरडं करा. क्लीनर रबरी बुटांच्या आत फवारू नका. सुकल्यावर प्रत्येक जोडणीवर टॅल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवा आणि खाली पुठ्ठा अंथरा. एकाला पेडल वीसेक वेळा दाबायला सांगा, दर वेळी तळाशी दोन सेकंद धरून. पावडरवर काळपट ओली रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक तुम्हाला हवं असतं. काही दिसलं नाही, तर पावडर तशीच ठेवून सकाळी पुन्हा बघा.

## टप्पा ४: वरून खाली, एकही जोडणी न गाळता

टाकी आणि तिची नळी. टाकी वेगळी बसवली असेल तर सुरुवात इथूनच. घरी बांधलेल्या गाडीत इथे पेट्रोलची नळी सर्रास दिसते, कारण मापात तीच हाताशी असते. पेट्रोलची नळी बहुधा नायट्राइल रबराची असते आणि ग्लायकॉलमध्ये ती फुगते, चिकट होते. तिचे कण मास्टरच्या बारीक भोकात जाऊन बसतात, ही वर आणखी फुकटची डोकेदुखी. नळी ब्रेक ऑईलसाठी म्हणूनच विकली जाणारी, ईपीडीएम रबराची हवी.

मास्टरची मागची बाजू. पायाशी वाका, मॅट उचला आणि पुशरॉड जिथे मास्टरमध्ये शिरतो तिथला रबरी बूट सोलून बघा. मागचं सील गेलं की द्रव पुशरॉडवरून पेडलवर, तिथून मॅटखाली जातो. गाडीखालचा पुठ्ठा कोरडा आणि पातळी मात्र उतरतेय, तर आधी इथे बोट घाला. नव्या सिलिंडरला बुटाच्या आत किंचित ओशटपणा असतो, तो जोडताना लावलेल्या वंगणाचा. थेंब जमलेला असेल, तर तो दोष.

पाईपच्या जोडण्या. इथे जरा थांबू, कारण आपल्या गाड्यांची खरी भानगड इथेच असते. एम १० × १ (मिलिमीटरच्या मापाचा) आणि ३/८-२४ यूएनएफ (इंची मापाचा) हे दोन आटे नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. एकाचा व्यास १० मिमी, दुसऱ्याचा ९.५२५ मिमी. एकाच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी, दुसऱ्याच्या सुमारे १.०६. यूएनएफचा नट एम १० च्या भोकात थोडा ढिला का होईना, पण आत जातो, पान्याला घट्टही वाटतो, आणि ऐन दाबाखाली पाझरतो. उलट बसवायला गेलात, तर दोन-तीन फेऱ्यांत अडकतो आणि जोर केला की आटे जातात. म्हणून नट काढा, कॅलिपर लावा, आट्याचा गेज लावा. ‘बसला ना, मग झालं’ हे इथे चालत नाही.

आटे जुळले तरी फ्लेअर जुळलाच असं नाही. ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर, ३७ अंशांचा एएन फ्लेअर आणि बबल फ्लेअर हे तीन निराळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाची बैठक वेगळी. ३७ अंशांच्या बैठकीवर ४५ अंशांचा फ्लेअर आवळला, तर तो फक्त एका बारीक रेघेवर टेकतो. आणखी आवळलं तर तडकतो.

सावधान: प्लंबरची पांढरी टेप या जोडण्यांवर गुंडाळू नका. गळती थांबते ती फ्लेअरवर किंवा वायसरवर, आट्यांवर नाही. टेपचा तुकडा सुटून आत गेला, की बारीक भोकं बुजतात.

बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या आतून द्रव जातो तो पोकळ बोल्ट. जोडणीच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वायसर हवा, तोही नवा. नवा नसेलच, तर जुना लाल होईपर्यंत तापवून थंड करा. तांबं पुन्हा मऊ होतं. मग काजळी साफ करून बसवा. वायसरवर आडवा ओरखडा दिसला तर त्याचा नाद सोडा.

होज, म्हणजे लवचिक नळी. इंजिन हलतं, चासी हलत नाही, आणि मधला ताण होज सोसतो. इंजिन चालू असताना कुणाला तरी ॲक्सिलरेटर झटकन दाबायला सांगा आणि होज ताणतेय का, कशाला घासतेय का ते बघा. एक्झॉस्टपासून किती दूर आहे तेही बघा. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषलेल्याची मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. गाडी तापल्यावरच पेडल मऊ होत असेल आणि गळती कुठेच सापडत नसेल, तर द्रव उकळत असण्याची शक्यता आहे. तिथे उपाय सील नव्हे, उष्णतेची ढाल.

बाहेरचा स्लेव्ह. बूट सोला, टॉर्च मारा. हवा काढायचं निपलही बघा. ते टोकाच्या शंकूवर बंद होतं, आट्यांवर नाही. टोकाखाली कचरा अडकला असेल तर कितीही आवळा, पाझरतंच, आणि शेवटी निपल तुटून हातात येतं.

तपासणी: इथवर ओली रेघ सापडली असेल, तर पुढचे दोन टप्पे सोडून सरळ सातव्यावर जा.

## टप्पा ५: बाहेर काही दिसत नाही, मग एकेक भाग वेगळा काढा

मास्टरच्या आउटलेटचा पाईप सोडा आणि तिथे त्याच आट्याचा, त्याच बैठकीचा बंद प्लग लावा. आत शिरलेली हवा काढण्यासाठी प्लग जरा ढिला ठेवून पेडल हलकेच दाबा, द्रव आला की आवळा, मगच पेडल सोडा. असं दोन-तीनदा करा.

आता पेडल हाताने दाबा. दगडासारखं लागलं पाहिजे. एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट धरा. खाली सरकायला लागलं तर मास्टर आतून गेला, निकाल लागला. कडक राहिलं तर मास्टर बरा. मग पाईप जोडून हाच प्लग होजच्या शेवटी लावा आणि पुन्हा धरा. ज्या जोडणीनंतर पेडल बसायला लागतं, दोष त्या भागात.

सावधान: प्लग लावलेला असताना पेडलवर उभं राहू नका. द्रवाला जायला जागाच नसते, त्यामुळे दाब भलताच वाढतो आणि हलका पेडल बॉक्स वाकतो. होज चिमट्याने दाबून बंद करायची युक्ती जाळीदार टेफ्लॉन होजवर अजिबात करू नका. आतली नळी एकदा मुडपली की होज फेकून द्यावी लागते.

## टप्पा ६: गिअरबॉक्स उतरवण्याआधी शेवटची खात्री

काही गाड्यांत स्लेव्ह बेलहाउजिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसतो. याला काँसेंट्रिक स्लेव्ह म्हणतात. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही, आणि म्हणूनच तो गळतोय हे आधी सिद्ध करायला हवं. बेलहाउजिंगच्या बाहेर जिथे पाईप जोडला जातो तिथे प्लग लावा. पेडल टिकलं, प्लग काढून पाईप जोडल्यावर बसलं, आणि खालच्या भोकातून येणारा थेंब पाण्यात विरघळला, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पाना उचला.

हे मी स्वतः पोळून शिकलो. एकदा पूर्ण शनिवार घालवून गिअरबॉक्स खाली घेतला आणि आत स्लेव्ह खडखडीत कोरडा. गळत होती बेलहाउजिंगच्या वरची जोडणी. तिचा ओघळ पाईप धरून भोकातून आत जायचा आणि खालून टपकायचा. दहा मिनिटांची पावडर मी वाचवली होती.

सावधान: गिअरबॉक्स उतरलेला असताना कुणी चुकून पेडल दाबलं, तर काँसेंट्रिक स्लेव्हचा पिस्टन बाहेर उडतो. पेडलवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पेडलच बांधून ठेवा.

## टप्पा ७: गळती सापडली, आता कारण शोधा

आधी पुशरॉड. पेडल पूर्ण वर असताना पुशरॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात साधारण १ मिमी मोकळीक हवी. पेडलचा रेशो ५:१ असेल, तर ती पायाला ५ मिमी जाणवते. मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि द्रव तापून फुगला की त्याला परतायला वाट नसते. मग क्लच घसरतो आणि सीलवर सतत दाब राहतो. लॉकनट ढिला करून पुशरॉड फिरवा, पुन्हा आवळा.

मग पुशरॉडचा कोन बघा. पेडल कमानीत फिरतं, पिस्टन सरळ रेषेत जातो. पुशरॉड फारच तिरका ढकलत असेल, तर पिस्टन बोअरच्या एकाच बाजूला घासतो. जुन्या मास्टरच्या बोअरमध्ये एका अंगाला चकाकणारा पट्टा दिसला, तर नवा मास्टरही त्याच वाटेने जाणार. दुरुस्ती पेडल बॉक्समध्ये आहे.

शेवटी हिशेब. पेडलच्या एका दाबात मास्टर किती द्रव पुढे ढकलतो ते काढा. बोअर १९.०५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची सरक) २५ मिमी असेल तर सुमारे ७.१ घनसेंमी. बोअर १५.८७ मिमी असेल तर त्याच स्ट्रोकला सुमारे ४.९ घनसेंमी. समजा स्लेव्हच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७०० चौरस मिमी आहे. पहिला मास्टर त्याला सुमारे १०.२ मिमी सरकवेल, दुसरा ७.१ मिमी. काँसेंट्रिक स्लेव्हचा पिस्टन कडीच्या आकाराचा असतो, म्हणून बाहेरच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून आतलं वजा करा. आता तुमच्या प्रेशर प्लेटला (क्लचची चकती दाबून धरणारा भाग) आणि स्लेव्हला किती सरक चालते त्याच्याशी ताडा. बऱ्याच घरगुती गाड्यांत ‘मोठा मास्टर म्हणजे भारी क्लच’ या समजुतीने मोठा बोअर बसवलेला असतो आणि स्लेव्ह दर दाबाला आपल्या मर्यादेपलीकडे जातो. उपाय दोन: लहान बोअर, किंवा पेडलला खाली ठराविक जागी अडवणारा ठाम थांबा. असा थांबा तर माझ्या मते प्रत्येक गाडीत हवाच. एक बोल्ट आणि लॉकनट, एवढंच काम.

## टप्पा ८: जोडणी, हवा काढणं आणि पडताळणी

नवं किट (रबरांचा संच) टाकताना बोअरमध्ये नख अडकेल असा ओरखडा असेल, तर रबर बदलून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. रबरांना ताजं ब्रेक ऑईल किंवा त्यासाठीचं लाल रबर ग्रीस लावा, साधं ग्रीस नको. रबराचा ओठ दाबाच्या दिशेला राहील हे दोनदा बघा.

हवा काढण्याआधी दोन गोष्टी नजरेखालून घाला. स्लेव्हचं निपल सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे का? स्लेव्ह उलटा बसवला, की निपल खाली येतं आणि हवा वरच अडकते. पाईप मध्येच उंच कमान करून जातो का? तिथेही हवा बसून राहते. इंजिन मागे असलेल्या गाडीत हे हमखास होतं. अशा वेळी गाडीचं एक टोक उचलून बघा, किंवा खालच्या निपलातून वर द्रव ढकला, पण टाकी भरून सांडणार नाही याकडे लक्ष ठेवा.

नव्या काँसेंट्रिक स्लेव्हवर पेडल धडाधड मारू नका. आधी निपल उघडून द्रव आपोआप उतरू द्या, मग सावकाश, पूर्ण दाब टाळून दाबा. काढलेला द्रव परत टाकीत ओतायचा नाही.

मग जोडण्या पुन्हा धुवा, कोरड्या करा, पावडर भुरभुरवा आणि टाकीवर नवी खूण करा. इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून मिनिटभर धरा. गाडी पुढे सरकायला लागली, तर पाचव्या टप्प्यावर परत जा. सरकली नाही, तर एक फेरी मारा, गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पुठ्ठा रात्रभर खाली ठेवा. सकाळी पुठ्ठ्याबरोबर मॅटखालीही हात घालून बघा.